वाहूळ मॅडमचं ‘ॲट वन्स’

शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात शशिकला वाहूळ यांना पाठीमागं सगळे ‘काय-कळलं मॅडम’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, पण त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कॅन्टीनच्या रांगेत मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सरका रे, काय-कळलं मॅडम आल्या." मॅडम वळल्या आणि ताट पुढं करत म्हणाल्या, "मॅडम आल्या एवढं कळलं ना? मग झालं." सगळी रांग हसली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वरण घेतलं आणि त्या जाऊन बसल्या.

नावाचं कारण साधं होतं. मॅडम ट्रेनिंग विभागात होत्या. मशिनींबरोबर येणारी इंग्रजी पुस्तकं, सुरक्षेच्या सूचना, काम करायच्या पद्धती हे सगळं मराठीत आणायचं आणि त्याचे बोर्ड करून मशिनींशेजारी लावायचे, हे त्यांचं काम. बोर्ड रंगवायला देण्याआधी त्या कच्चा कागद घेऊन शॉपमध्ये, म्हणजे मशिनी चालतात त्या भागात, जात. समोर दिसेल त्या माणसापुढं तो धरत आणि म्हणत, "वाच. काय कळलं?"

माणूस वाचे आणि म्हणे, "कळलं मॅडम."

"कळलं ते कळलं. काय कळलं, ते सांग."

इथं भलेभले अडखळत. मग मॅडम मान हलवत, कागदावर काहीतरी खोडत आणि पुढच्या माणसाकडं जात. झाडणाऱ्या मावशींपासून मेंटेनन्सच्या इंजिनिअरपर्यंत त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नाही.

मी पर्सोनेलला होते. हजेरी, रजा, पत्रं, चौकशांची टिपणं हे माझं खातं. शहरात उस्मानपुऱ्याला आम्ही दोघी एकाच थांब्यावरून कंपनीची बस धरायचो आणि अकरा वर्षं एकाच बाकावर बसायचो. मॅडम खिडकीपाशी, मी अलीकडं. मॅडम ठेंगण्या, सावळ्या, केस तेल लावून घट्ट बांधलेले. खळ केलेली सुती साडी आणि साडीखाली काळे, जाडजूड सेफ्टी शूज. शॉपमध्ये जाणाऱ्या प्रत्येकानं ते घालायचे असा नियम होता. ऑफिसातल्या बायका शॉपच्या दारापाशी चपला काढून तात्पुरते बूट चढवत. मॅडम ते घरूनच घालून निघत. त्या बसमध्ये चढल्या की पायरीवर ठक ठक आवाज व्हायचा आणि ड्रायव्हर लतीफभाई मागं न बघताच म्हणायचे, "आवो मॅडम."

बसायचं, पर्स मांडीवर घ्यायची आणि चिकलठाणा मागं पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, ही त्यांची पद्धत. त्या वेळात त्या काहीतरी वाचत किंवा नुसत्या बाहेर बघत. चिकलठाणा गेलं की वळून विचारत, "हं, सांग." जणू मीच काहीतरी सांगायची थांबले होते. मग शेंद्र्यापर्यंत गप्पा. त्यांच्याजवळ बहुतेक वेळा भाजलेल्या शेंगा असत. एक शेंग त्या स्वतः खात, एक मला देत. टरफलं रुमालात गोळा करत आणि कारखान्याच्या दारातल्या डब्यात टाकत.

त्या मूळच्या करमाडच्या. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. वडील बाबासाहेबांचं नाव घेऊन मुलीला शाळेत सोडून यायचे आणि मास्तरांना सांगायचे, "हिला इंग्रजी येऊ द्या. बाकी मग तिचं ती बघंल." शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. मास्तर दर आठवड्याला फळ्यावर दहा इंग्रजी वाक्प्रयोग लिहायचे आणि समोर प्रत्येकाचा एकेक मराठी अर्थ. ऑफ कोर्स – अर्थात. ॲट लास्ट – शेवटी. ॲट वन्स – ताबडतोब. सगळा वर्ग ओरडून ओरडून ते पाठ करायचा. मॅडमना शेकडो पाठ होते. त्या जोरावर त्या इंग्रजी घेऊन एम.ए. झाल्या, पंधरा-वीस वर्षं कॉलेजांमध्ये तासावर शिकवलं, कायमची नोकरी काही मिळाली नाही, तेव्हा इथं आल्या. लग्न केलं नाही. उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत आईला घेऊन राहायच्या.

पण मॅडम पहिल्यापासून ‘काय-कळलं मॅडम’ नव्हत्या, हे मला माहीत आहे, कारण मी त्यांच्या आधीपासून तिथं आहे. सुरुवातीला त्या टेबलाशी बसूनच भराभर मराठी करायच्या. डिक्शनरी क्वचित उघडायच्या आणि आपल्या इंग्रजीचा त्यांना थोडा अभिमानही होता. तसा तो असायलाच हवा होता. करमाडच्या शाळेतून तिथवर येणं ही काही साधी गोष्ट नव्हती. चाळीस पानांचं पुस्तक त्या तीन दिवसांत मराठीत आणत आणि साहेब सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक करत.

प्रेसच्या लाइनवर तेव्हा आठ मशिनी होत्या. वरून जड ठोकळा खाली येतो आणि पत्र्याला आकार देऊन वर जातो, असं ते मशीन. ते चालवायला दोन बटणं असतात, एक डावीकडं आणि एक उजवीकडं, चांगली हातभर अंतरावर. दोन्ही बटणं दोन हातांनी एकाच वेळी दाबली तरच ठोकळा खाली यावा, अशी ती रचना. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे ठोकळ्याखाली हात जायचा प्रश्नच नाही. पण मशिनी जुन्या. एका बटणाच्या फटीत लाकडाची पाचर मारली की ते दाबलेलंच राहायचं. मग दुसरं बटण एका हातानं दाबायचं आणि मोकळ्या हातानं पत्रा सरकवायचा. काम लवकर व्हायचं. दिवसाचा ठरवून दिलेला आकडा पुरा व्हायचा.

विष्णू जाधव त्या लाइनवर होता. करमाडच्याच बाजूचा, पस्तिशीचा, घरची थोडी शेती. पहाटे कांद्याला पाणी देऊन पहिल्या पाळीला यायचा. अबोल माणूस. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा उजवा हात आत असताना ठोकळा खाली आला. दोन बोटं गेली.

त्या दिवशी संध्याकाळी मॅडम बसला उशिरा आल्या. लतीफभाईंनी त्यांच्यासाठी बस थांबवून ठेवली होती. बसल्या आणि चिकलठाणा यायच्या आधीच बोलल्या. अकरा वर्षांत हे असं एकदाच झालं.

"सुनंदा, ‘ॲट वन्स’ म्हणजे काय?"

"ताबडतोब," मी म्हणाले.

"झालं. तूही त्याच फळ्यावर शिकलेली." त्यांनी पर्समधून एक कागद काढला. प्रेसच्या पुस्तकातलं पान होतं. एका ओळीखाली बोट ठेवून त्यांनी वाचलं, "‘प्रेस बोथ बटन्स ॲट वन्स.’ याचं मी काय केलं, माहीत आहे? ‘दोन्ही बटणे ताबडतोब दाबावीत.’ दोन वर्षं तो बोर्ड तिथं आहे. आज पहिल्यांदा त्याच्यापुढं उभी राहून वाचला."

मला अजून नीट कळलं नव्हतं. ते त्यांच्या लक्षात आलं.

"‘कम हिअर ॲट वन्स.’ म्हणजे?"

"ताबडतोब इकडं ये."

"बरोबर. आता बाई वर्गाला म्हणतात, ‘डोन्ट ऑल टॉक ॲट वन्स.’ म्हणजे ताबडतोब बोलू नका?"

"नाही… सगळे एकाच वेळी बोलू नका."

"हां. आणि ‘शी वॉज ॲट वन्स टायर्ड अँड हॅपी’ म्हटलं, तर थकलेलीही होती आणि खूशही होती, दोन्ही मिळून. एकच शब्द आहे, पण शेजारी कोण उभं आहे ते बघून तो बोलतो. ‘ऑल’ असलं, ‘बोथ’ असलं, दोन गोष्टी असल्या, की तो घाईचा राहत नाही, तो बरोबरीचा होतो. इथं ‘बोथ’ अगदी शेजारी उभा होता गं. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. पाचवीत पाठ केलं ते लिहून मोकळी झाले."

मी म्हणाले, "मॅडम, इतकं काय? पाचर सगळेच मारतात."

त्या म्हणाल्या, "मोठे शब्द कुणाला फसवत नाहीत, सुनंदा. ते आले की माणूस थांबतो, विचारतो. हे लहान, ओळखीचे असतात ना, तेच घात करतात."

दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून दवाखान्यात गेल्या. सोबत मीही होते, कारण विष्णूच्या काही कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या. उजव्या हाताला भलंमोठं बँडेज, म्हणून सह्यांऐवजी डाव्या अंगठ्याचे ठसे घेतले. ते होईपर्यंत मॅडम गप्प उभ्या होत्या. मग त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि बोर्डाची सगळी गोष्ट त्याला सांगितली. इंग्रजीत काय होतं, मराठीत काय व्हायला हवं होतं, आणि आपण काय लिहिलं. काहीही गाळलं नाही.

विष्णू ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, म्या कुठं वाचला व्हता बोर्ड?"

मॅडमनी स्टूल आणखी पुढं घेतलं.

"समदेच पाचर मारतेत, म्हणून म्या बी मारली. बोर्डाकडं कोण बघतंय? तुमी नका लावून घेऊ मनाला."

मला एकदम हलकं वाटलं. आता मॅडमचंही ओझं उतरेल, असं वाटलं.  पण त्या म्हणाल्या, "तू वाचला नाहीस, हे वेगळं. वाचला असतास, तर काय झालं असतं? तरी पाचरच मारली असतीस. माझा बोर्ड तुला घाई कर म्हणून सांगत होता."

जिना उतरताना मी म्हणाले, "त्यानंच सांगितलं ना, बोर्डाचा संबंध नाही म्हणून? मग विषय संपला."

"त्याच्यापुरता संपला," मॅडम म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. आई भाकरी करत होती. म्हातारीला सगळं ठाऊक होतं. मॅडम आतल्या खोलीत असताना ती मला म्हणाली, "चार दिस झाले, धड जेवत नाय. म्या म्हनलं, शशे, चुकलं आसंल तर चुकलं म्हून सांग की. त्येला काय पैसं पडत्यात का?" आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "नोकरी जाती का गं त्यानं?" मी म्हटलं, "नाही हो." पण मला खात्री नव्हती.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. टेबलाच्या पलीकडं कारखान्याचे मोठे साहेब, त्यांच्या बाजूला प्रेसचे सुपरवायझर, मॅडम आणि टिपण घ्यायला मी. विष्णू समोर खुर्चीच्या टोकावर बसला होता. हात गळ्यात अडकवलेला. साहेब तसे वाईट माणूस नव्हते. पण वरून कुणीतरी कागद मागत होतं, आणि कागदावर कुणाचीतरी चूक लिहिणं भाग होतं.

साहेब म्हणाले, "विष्णू, मशीनवर सूचना लिहिलेली होती. तू ती मोडलीस. मान्य आहे?"

विष्णूनं खाली बघितलं. "व्हय साहेब."

मी लिहायला घेतलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "कोणती सूचना?"

"बटणं दोन्ही हातांनी दाबायची, ही सूचना."

"तशी सूचना बोर्डावर नाही, साहेब."

साहेबांना वाटलं, मॅडम गोंधळल्यात. "अहो, तुम्हीच तर लिहिलाय बोर्ड."

"मीच लिहिलाय. वाचून दाखवते." त्यांना तो पाठ होता. "‘प्रेस चालवताना दोन्ही बटणे ताबडतोब दाबावीत.’ यात दोन हात कुठं आहेत? एकाच वेळी कुठं आहे? यात फक्त घाई आहे."

"पण मूळ इंग्रजीत तर बरोबर आहे ना?"

"इंग्रजीत बरोबर आहे. मराठीत मी चुकवलं. आणि विष्णूला आपण मराठी बोर्ड दिला होता, इंग्रजी नाही."

सुपरवायझर खुर्चीत हलले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मॅडम, तुमचं म्हणणं, तुमच्या बोर्डामुळं अपघात झाला?"

"नाही. विष्णूनं बोर्ड वाचलाच नव्हता. त्यानंच मला सांगितलं. मी खोटं सांगणार नाही." त्यांनी साहेबांपुढच्या कागदावर बोट ठेवलं. "पण त्यानं लेखी सूचना मोडली असं आपण लिहिलं, तर तेही खोटं होईल. ती सूचना आपण त्याला कधी दिलीच नव्हती. आणि साहेब, पाचरी किती मशिनींवर आहेत, ते आत्ता जाऊन बघता येईल."

 विष्णू आता मॅडमकडं बघत होता.

साहेब माझ्याकडं वळले. "सुनंदाबाई, हे टिपणात घ्यायची गरज नाही."

माझं पेन थांबलं. का थांबलं, याला कारणं होती. ती सांगण्यासारखी नाहीत. अशा वेळी सगळ्यांचीच असतात, तशी माझीही होती. मी खाली बघून बसून राहिले.

मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. टेबलावरून हात लांब करून त्यांनी टिपणवही आपल्याकडं ओढली, माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि चार ओळी लिहिल्या. सही केली, तारीख घातली. वही परत माझ्यापुढं सरकवली आणि साहेबांना म्हणाल्या, "हे माझं निवेदन. नको असेल तर पान काढून टाका. पण पान काढलं, तर तेही लिहायला लागेल."

साहेबांनी पान काढलं नाही. त्या संध्याकाळी ते स्वतः प्रेसच्या लाइनवर चालत गेले. आठांपैकी पाच मशिनींत पाचरी होत्या. अहवालातून विष्णूनं सूचना मोडल्याचं वाक्य गेलं. त्याची नोकरी राहिली. हात बरा झाल्यावर त्याला तपासणीच्या टेबलावर काम दिलं. काही महिन्यांनी मशिनींना नवी बटणं बसली. आता दर वेळी दोन्ही सोडून पुन्हा एकाच वेळी दाबल्याशिवाय ठोकळा हलत नाही. पाचर मारून उपयोग नाही.

आणि मॅडमना ताकीद मिळाली. ते पत्र मीच टाइप केलं. त्यांनी ते टेबलाशी उभं राहून दोनदा वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्या एवढंच म्हणाल्या, "इंग्रजी चांगलं आहे," आणि पोच म्हणून सही केली. त्या वर्षी ट्रेनिंगच्या प्रमुखाची जागा भरायची होती आणि ती त्यांनाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. बाहेरून दुसरा माणूस आला. त्याबद्दल मॅडम माझ्याजवळ कधी बोलल्या नाहीत. त्या नव्या माणसाला मात्र त्यांनी महिनाभर बरोबर घेऊन सगळं काम समजावून दिलं.

चौकशीच्या दिवशी बाहेर पडताना विष्णूनं त्यांना व्हरांड्यात गाठलं होतं, ते मी ऐकलं. "मॅडम, उगं कशाला अंगावर घेतलं?"

"अंगावर नाही घेतलं," मॅडम म्हणाल्या. "माझंच होतं ते."

मग नवा बोर्ड लिहायची वेळ आली. पूर्वी मॅडमनी तो पाच मिनिटांत लिहिला असता. या वेळी तीन आठवडे लागले. ‘एकाच वेळी’ लिहावं, तर त्यांना ते पुस्तकी वाटायचं. एकदा सिग्नलला बस उभी असताना त्या उठून पुढं गेल्या. "लतीफभाई, ‘एकदम’ म्हणजे काय हो तुमच्या बोलीत?"

लतीफभाईंनी आरशातून बघितलं. "एकदम बोले तो फटाक से, मॅडम. जैसे एकदम ब्रेक मारा. और एकदम बोले तो सब मिलके भी होता. सब लोगां एकदम उतरे. जैसा मौका वैसा मायना."

मॅडम परत येऊन बसल्या, त्या खूश होऊन. "बघ, आपल्याकडं बसल्या जागी जोडीदार होता. अगदी ‘ॲट वन्स’सारखा. तेच दोन्ही अर्थ." मग चेहरा उतरला. "पण मग खोडही तीच."

तरी त्यांनी ‘दोन्ही बटणं एकदम दाबा’ असा कागद केला आणि लाइनवर नेला. दहा जणांना वाचायला दिला. सहा जण म्हणाले, जोरात दाबायचं. तिघे म्हणाले, पटकन. एकच म्हणाला, दोन्ही एका वेळी. मॅडमनी कागद घडी करून पर्समध्ये घातला आणि तशाच तपासणीच्या टेबलाकडं गेल्या. "विष्णू, तूच सांग. काय लिहू?"

विष्णूनं डाव्या हातानं डोकं खाजवलं. "मॅडम, बटनाचं कशाला लिवता? हाताचं लिवा की. एक हात मोकळा राह्यला की घात व्हतो. लई सोपं हाय."

तो बोर्ड अजून तिथं आहे. ‘दोन्ही हात बटणांवर. एक हात मोकळा असेल तर मशीन चालवू नका.’ ‘ॲट वन्स’ला त्यात कुठलाच शब्द नाही. पण ज्यानं वाचला, त्यानं दर वेळी बरोबर सांगितलं. मॅडम मला म्हणाल्या, "आयुष्यभर शब्दाला शब्द शोधत बसले गं. माणूस काय करणार आहे, ते कधी विचारलंच नाही."

तिथून त्यांचं ते "काय कळलं?" सुरू झालं. डोळ्यात रसायन गेलं तर पाण्यानं धुवा, असा एक कागद होता. त्यांनी सफाईच्या मावशींना विचारलं, "किती धुवाल?" मावशी म्हणाल्या, "एक डाव तोंड धुतलं की झालं की." त्याच दिवशी बोर्डावर ‘नळाखाली पंधरा मिनिटं’ आलं. एकदा आगीच्या सरावाचं पत्रक मीच केलं होतं. मी लिहिलं होतं, ‘घंटा वाजताच सर्वांनी एकदम बाहेर पडावे.’ मॅडमनी ते बसमध्ये वाचलं. "सुनंदा, आपलं दार किती रुंद आहे?" मी म्हटलं, तीन फूट असेल. "आणि तू दोनशे माणसं त्यातून एकदम बाहेर काढतेस?" मी ते तिथंच, मांडीवर, हलत्या बसमध्ये बदललं. ‘लगेच निघा, रांगेनं निघा.’

सगळ्यांना हे आवडायचं असं नाही. नवे प्रमुख वैतागायचे. दोन ओळींच्या बोर्डाला आठवडा का लागतो, म्हणून विचारायचे. मॅडम म्हणायच्या, "माझा एक बोर्ड अर्ध्या तासात झाला होता, साहेब," आणि पुढं काही सांगायच्या नाहीत.

निवृत्तीच्या आधी त्यांची आई गेली. नंतर मॅडमनी उस्मानपुऱ्याच्या खोल्या सोडल्या आणि करमाडला भावाच्या घरामागं दोन खोल्या बांधून तिकडं गेल्या. बाकावर माझ्या शेजारी आता कुणीही बसतं. फोन व्हायचा अधूनमधून. एकदा म्हणाल्या, "रविवारी ये. एक गंमत दाखवते."

मी गेले. त्यांनी मला तिथून औद्योगिक वसाहतीतल्या एका रुंद, मोकळ्या रस्त्यावर नेलं. रविवारी तिकडं चिटपाखरू नसतं. रस्त्याच्या कडेला एक पांढरी स्कूटी उभी होती आणि तिच्याशेजारी विष्णू जाधव. आता केस पिकलेला.

"साठीत कशाला हे, मॅडम?" मी म्हणाले.

"शहरात यायचं तर जीपवाल्याची वाट बघत बसावं लागतं. तो भरल्याशिवाय निघत नाही. लायब्ररीत पोचेपर्यंत दुपार. म्हटलं, आता आपल्या वेळेला निघायचं." साडी सोडून त्यांनी पंजाबी ड्रेस घातला होता. मी त्यांना त्या वेशात पहिल्यांदाच बघत होते. "हा मास्तर लई कडक आहे बरं का."

"पंधरा दिस झाले," विष्णू म्हणाला. "आजून मागून धरावं लागतं."

तो स्कूटी फिरवून आणायला गेला तेव्हा आम्ही दोघीच होतो. बरीच वर्षं जे बोलायचं होतं, ते मी बोलून टाकलं. "मॅडम, त्या दिवशी चौकशीत माझं पेन थांबलं. मी लिहायला पाहिजे होतं."

त्या ओढणी कमरेला बांधत होत्या. त्यांनी गाठ मारली.

"हो," त्या म्हणाल्या. "लिहायला पाहिजे होतंस." मग माझ्या दंडावर हात ठेवला. "पण मी वही ओढली तेव्हा तू सोडलीस ना? घट्ट धरली असतीस, तर माझ्यात ओढायची ताकद नव्हती."

तेवढ्यात विष्णू आला. मॅडम स्कूटीवर बसल्या. विष्णूनं उरलेल्या तीन बोटांनी मागचा कॅरिअर धरला आणि म्हणाला, "चला." स्कूटी निघाली. तो शेजारून पळत होता. दहा पावलं, वीस पावलं. मग त्यानं हात सोडला आणि तो थांबला. मॅडमना ते कळलं नव्हतं. पाय दोन्ही बाजूंना लोंबकळत, पाठ ताठ, त्या सरळ चालल्या होत्या. पुढं रस्त्यात दोन म्हशी आणि त्यांच्यामागं एक म्हातारा चालला होता.

"सरका हो, सरका!" मॅडम ओरडत होत्या. "मला अजून थांबवता येत नाही!"

म्हातारा म्हशींसकट बाजूला झाला. विष्णू कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, हसत उभा होता. मॅडम पुढच्या वळणापर्यंत गेल्या आणि वळल्यासुद्धा.